शुक्रवारच्या चौकोनातली टिंबं

पिंपळखुटा, ता. दारव्हा
३१ जुलै २००५, रविवार

मोना, माय,

जय भीम. हे पत्र जयानं लिहून देलं असं समजू नको. ही तुझी आजी कांताबाई स्वतःच्या हातानं लिहून राह्यली, विहारात भिंतीले टेकून, मांडीवर पाटी अन् पाटीवर कागद. आजवर अंगणवाडीवाली जया माझी पत्रं लिहायची अन् माझं अर्धं बोलणं गाळायची. मी म्हणो बकरीचं लिही, ती म्हणे पुण्याच्या पोरीले बकरीचं कायले. आता गाळणारं कोणी नाही. तर बकरीले दोन पिल्लं झाली, एक पांढरं, एक काळं-पांढरं बांडं.

छप्पन साली माझा बाप नागपूरहून दीक्षा घेऊन आला तेव्हा म्हणे, आता आपल्या पोरी शिकतील. मी दुसरीपर्यंत शिकली. मंग भाऊ झाला अन् त्याले कडेवर घ्याले मी, म्हणून शाळा सुटली. ते राहिलेलं आता साठीत पुरं करून राह्यली. जोडाक्षरं अडतात. तू मोठ्या अक्षरात लिहीत जा.

गावात सारे विचारतात, बळीरामची पोरगी पुण्यात काय करते. मी म्हणते, ताऱ्यायचं करते. मंग विचारतात, म्हणजे काय करते, तर मले पुढचं येत नाही. पुंडलिकराव तर म्हणे, तारे मोजून काय भेटते. म्हणून नीट समजावून लिही. मी सांगन त्यायले.

पाणी बरं आहे. कापसाची पऱ्हाटी गुडघ्याले लागली, पण मावा-तुडतुडे आतापासूनच पडले, म्हणून तुझ्या बापाले फवाऱ्याचं काम रोजचं आहे. पाठीवर पंप घेऊन तो चालला का एक ओळ सुटत नाही. पुंडलिकराव आपल्या वावरात त्यालेच बोलावते, त्याले अन् तांड्यावरच्या नेमसिंगले. या हप्त्यात दोनदा ओकला तो, अन् डोळ्यापुढं धुकं येते म्हणे. मी म्हटलं उन्हाचं असन. तो हसला, म्हणे माय, या पावसात ऊन कुठलं. तू काळजी करू नको. बकरीच्या पिल्लायची नावं तेवढी सुचव.

तुझी आजी, आता सही येणारी,
कांताबाई


पुणे
५ ऑगस्ट २००५

प्रिय आजी,

जय भीम. तुझं पत्र तीनदा वाचलं आणि खोलीतल्या मुलींनाही वाचून दाखवलं. पांढऱ्या पिल्लाचं नाव कापशी ठेव, बांड्याचं तू ठरव.

आता माझं काम. आकाशात काही तारे जोडीनं राहतात, एकमेकांभोवती फिरतात. त्यातला एक मेलेला असतो. आकसून एखाद्या शहराएवढा झालेला, पण भयंकर जड. दुसरा जिवंत आणि मोठा. मेलेला तारा जिवंत ताऱ्याच्या अंगावरचं ओढून घेतो. ते त्याच्यावर पडताना इतकं तापतं की त्यातून क्ष-किरण निघतात, दवाखान्यात हाडाचा फोटो काढतात तेच एक्सरे. जमिनीवरून ते दिसत नाहीत, हवा अडवते. म्हणून वर सोडलेला उपग्रह ते मोजतो आणि आकडे पाठवतो. मी रात्री आकाशाकडे बघत नाही, आजी. दिवसा आकड्यांपुढे बसते.

फिरता फिरता मेलेला तारा मोठ्याच्या आड गेला की एक्सरे मंदावतात, बाहेर आला की वाढतात. किती दिवसांनी मंदावतात ते सापडलं की त्यांची एक फेरी किती दिवसांची ते कळतं. पण आकडे कच्चे असतात. म्हणून आम्ही अंदाजानं एक मुदत धरतो, समजा दहा दिवस. आकड्यांच्या लांब पट्टीचे दहा-दहा दिवसांचे तुकडे करून एकावर एक ठेवतो. मुदत बरोबर असेल तर मंदावलेल्या जागा बरोब्बर एकावर एक येतात. चुकली असेल तर सगळं विस्कटतं, मग दुसरी मुदत धरायची. माझा तारा फार फिका आहे. त्याची फेरी अजून जगात कोणाला सापडलेली नाही.

बाबांचं वाचून बरं वाटलं नाही. एक काम कर. भिंतीवर कॅलेंडर आहे ना, ज्या दिवशी त्यांना बरं नसेल तिथं टिंब लाव, आणि महिनाभरानं तारखा मला कळव. ठरावीक मुदतीनं काही होत असेल तर मला सापडेल.

तुझी,
मोनाली


पिंपळखुटा
४ सप्टेंबर २००५, रविवार

मोना, माय,

जय भीम. तुझं पत्र मी विहारात बायायले वाचून दाखवलं. अडखळली, पण पुरं केलं. मी सांगतलं, ही ताऱ्यायची फुगडी आहे, फक्त एकीचा जीव गेलेला अन् हात सुटत नाही. नेमसिंगची बायको रुपीबाई आलती तांड्यावरून, ती म्हणे, मेलेला जित्याले खाऊन राह्यला तर जिता सोडून काहून जात नाही? याचं उत्तर तुलेच माहीत. ते लिही.

तुकडे एकावर एक ठेवायचं मले लगेच समजलं. माझ्या हिरव्या लुगड्याच्या काठावर मोर आहेत. घडी बरोबर घातली का मोरावर मोर येते. नाही तर मोराच्या डोक्यावर वेल. मी पुंडलिकरावाच्या ओसरीवर लुगडं नेऊन त्याले दाखवलं, म्हटलं माझी नात हे करते. तो म्हणे बरं आहे, घड्या घालाले पुण्याले पाठवली. हसू दे त्याले. त्याचा पोरगा बारावीत दोनदा बसला.

बांड्या पिल्लाले मी उपग्रह नाव ठेवलं. साऱ्या घरभर फिरते.

आता तुझ्या बापाचं. टिंबं लावली. हजेरीची लावतात तशीच लावली, म्हणून चुकायचं काम नाही. १२ ऑगस्ट, दोन टिंबं. १९ ऑगस्ट, तीन. २६ ऑगस्ट, दोन. २ सप्टेंबर, चार. अजून काय होते तेही लिहिते, तू विचारलं नाही तरी. पाय लटपटतात. तोंडातून लाळ गळते. जीभ जड होते, माय म्हणाले जाते अन् म म म होते. घामानं सदरा पिळून निघतो. परवाच्या शुक्रवारी वावरातून भरल्या बाजारातून असाच आला. भजेवाल्यापुढं पडता पडता वाचला. लोक म्हणाले, बळीराम परत चालू झाला. मी त्याचं तोंड हुंगलं, मले वास आला नाही. सदऱ्याले औषधाचा येते, तो तर येणारच.

तुझी माय गेली तेव्हापासून त्यानं थेंब घेतला नाही, हे तुले माहीत आहे. सात वर्षं झाली. पण मी बुढी, मले काय समजते. तू मांडून सांग.

तुझी आजी


पुणे
१२ सप्टेंबर २००५

प्रिय आजी,

आधी आनंदाची बातमी. सापडली! एकवीस दिवस. माझ्या ताऱ्याची एक फेरी एकवीस दिवसांची. तारा इतका फिका की रोजच्या आकड्यांत काही दिसेना, म्हणून मी सात-सात दिवसांचे आकडे एकत्र करून सरासरी काढली आणि तिच्यावर शोधलं. लगेच दिसली. सरांना अजून दाखवायची आहे, पण रात्रभर मला झोप नाही.

आता दुसरं. तुझी टिंबं मी मांडली. मांडायला काही लागलंच नाही. १२, १९, २६, २. सगळे शुक्रवार आहेत, आजी. सात दिवसांची मुदत, एकदाही चुकलेली नाही. शुक्रवार म्हणजे आपला बाजार. आणि टिंबं वाढत चालली आहेत.

पाय लटपटतात, जीभ जड होते, हे तू मला सांगायला नको. मी दहावीपर्यंत दर शुक्रवारी दारामागे उभी राहून हेच पाहिलं आहे. तुला वास आला नाही कारण तुला यायला नको आहे. बाबा परत प्यायला लागले.

तू त्यांना पाठीशी घालू नकोस. दवाखान्यात नेऊ नकोस, तिथं जाऊन ते गोड बोलतील आणि औषध घेऊन येतील, मग आजाराचंच निमित्त होईल. आईनं सगळं आयुष्य त्यातच घालवलं. असे आले की लिंबू-पाणी दे, आडवं कर, झोपू दे. उतरेल. आणि हे पत्र त्यांना वाचून दाखव. माझ्यापुढे लाज वाटली तर वाटू दे.

रुपीबाईंना सांग, जिवंत तारा सोडून जात नाही कारण ओढ दोन्हीकडून असते.

तुझी,
मोनाली


पिंपळखुटा
२५ सप्टेंबर २००५, रविवार

मोना,

जय भीम. एकवीस दिवस सापडले म्हणून मी विहारात साखर वाटली. जयाले म्हटलं, जगात कोणाले माहीत नव्हतं ते पिंपळखुट्याच्या पोरीनं काढलं. ती म्हणे आजी, तुम्हीच काढल्यासारख्या चालून राह्यल्या. चालली मी. कायले नाही चालू.

तुझं पत्र तुझ्या बापाले वाचून दाखवलं. एकाही अक्षराले न अडता वाचलं, मोना. वाचता वाचता मले वाचल्याचाच आनंद होऊन राह्यलता, अन् काय वाचून राह्यली ते मागून लक्षात आलं. तो जेवत होता. ताट सरकवून देलं. मी म्हटलं, बोल ना काही. तर म्हणे, "तिनं मांडून पाहिलं ना, मंग असन." एवढंच. उठून पंप धुवाले गेला. पंप आधीच धुतलेला होता.

आता तो बाजारात जातच नाही, कोणी नाव ठेवू नये म्हणून. पान सोडलं. वावरातून गावाच्या मागच्या पांदणीनं येते. ओकारी आली तर गोठ्यामागं जाऊन ओकते, मले आवाज येते. परवा नेमसिंग सांगाले आला का दवाखान्यात जाऊन येऊ, मलेही होते असं. तुझा बाप म्हणे, तू जा, मी गेलो तर डॉक्टर पहिले विचारीन किती घेतली, अन् माझी पोरगी पुण्याहून हो म्हणून राह्यली.

९ तारखेले तीन, १६ ले तीन टिंबं, अन् बाजार सोडला तरी २३ ले पाच. बाजारात गेलाच नाही तर पेला कुठून, हे मले समजत नाही. वावरात लपवून ठेवत असन. लिंबू-पाणी देते. झोपवते. तू सांगतलं तसंच करते. लिंबं संपली तर रुपीबाईनं तांड्यावरून आणून देली.

उपग्रह गाभण राहण्याइतकी मोठी झाली नाही अजून, पण उंडारते.

आजी


पुणे
३ ऑक्टोबर २००५

आजी,

घाईत लिहिते. पुंडलिकरावांच्या फोनवर दोन दिवस लावते आहे, लागत नाही.

एकवीस दिवस खोटे आहेत. सरांनी आकडे पाहिले आणि एकच विचारलं, "हे सात-सात दिवसांचे गठ्ठे कोणी बांधले?" मी बांधले. फेरी सात दिवसांपेक्षा लहान असेल तर सात दिवसांच्या गठ्ठ्यात ती दिसतच नाही, तिच्या जागी भलतीच लांब मुदत दिसते. मी रोजचे आकडे परत घेतले. खरी फेरी सव्वापाच दिवसांची निघाली. एकवीस त्या गठ्ठ्यांतून जन्मलेले होते, ताऱ्यात नव्हतेच.

सरांच्या टेबलापाशी उभी असतानाच तुझी टिंबं डोळ्यांपुढे आली. एका दिवसाला चार टिंबं का असतील? पाच का? मी समजले, जास्त टिंबं म्हणजे जास्त प्यायलेले. तुला विचारलंच नाही. आजी, ही टिंबं तू कोणत्या दिवशी लावतेस? चार टिंबं म्हणजे काय? त्या आठवड्यात बाबांनी किती दिवस फवारणी केली?

इथल्या एका डॉक्टर मुलीला सगळं सांगितलं. लाळ, घाम, ओकारी, जड जीभ, डोळ्यांपुढं धुकं. ती म्हणाली फवारणीचं औषध अंगात भिनतं तेव्हा हेच होतं आणि लोकांना प्यायल्यासारखं वाटतं. बाबांच्या डोळ्यांची बाहुली बघ, सुईच्या टोकाएवढी झाली आहे का. असो वा नसो, फवारणी आजपासून बंद कर आणि त्यांना लगेच दारव्ह्याला ने. माझं आधीचं पत्र फाडून टाक.

मोनाली


पिंपळखुटा
४ डिसेंबर २००५, रविवार

मोना,

जय भीम. तू जाऊन दीड महिना झाला. बारा दिवस आपण दोघी एका घरात होतो, तुझ्या बापाच्या पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला, लोक आले-गेले, अन् आपण मिठाचा डबा दे एवढं सोडून एकमेकींशी काही बोललो नाही. तुझं ३ तारखेचं पत्र तू घरात असतानाच आलं, ८ तारखेले. पोष्टमन माझ्या हातात देऊन गेला. मी तुले दाखवलं नाही. पिठाच्या पिंपामागं ठेवलं. आज काढलं अन् वाचलं. तू त्यात विचारलं त्याची उत्तरं देते, कारण पत्राले उत्तर द्यावं.

टिंबं शुक्रवारी लावते. जन्मभर हप्त्याचं सारं शुक्रवारीच लागते. पुंडलिकरावाच्या ओसरीवर बाजाराच्या दिवशी हजेरी घेतात. हप्त्यात कोण किती दिवस कामाले आला तितकी टिंबं त्याच्या नावापुढं शुक्रवारच्या चौकोनात. बाकीचे चौकोन कोरेच राहतात. मी तिथं चाळीस वर्षं उभी राहिली, मले दुसरी रीत माहीतच नाही. चार टिंबं म्हणजे हप्त्यातले चार दिवस बरं नव्हतं. जितके दिवस फवारा, तितकी टिंबं. मी आज बसून आठवलं, बरोब्बर तितकीच. हे तुले माहीत असाले पाहिजे होतं असं तू म्हणशील, पण कसं असन? तुझ्या बापानं तुले त्या ओसरीवर कधी चढू देलं नाही. तो म्हणे, पोरीचं नाव त्या वहीत नको.

आता ४ ऑक्टोबरचं. मंगळवार होता. तू विचारलं नाही, मी सांगते. दुपारी नेमसिंगनं त्याले खांद्यावर टाकून आणलं. गावाच्या तोंडाशी शंकरसिंगची जीप दारव्ह्याले निघत होती, अर्धी भरली होती. शंकरसिंग उतरला, म्हणे मावशी, बसवा याले, मी कुठं न थांबता नेतो. नेमसिंगनं त्याचे पाय उचललेही होते. मी आडवी झाली. मी म्हटलं, "पेला आहे तो, उतरन झोपला का. माझ्या नातीनं लिहिलं आहे." शंकरसिंग म्हणे मावशी, मले काही वेगळं दिसते. मी म्हटलं, तू ड्रायव्हर, ती ताऱ्यायचं काढते. जीप गेली.

मी लिंबू-पाणी केलं. ते खाली उतरत नव्हतं, तोंडाच्या कडेनं येत होतं. माझ्याकडं पाहून काही म्हणाले गेला. मी म्हटलं बोलू नको, झोप. शंकरसिंग परत आला तो दिवे लागायच्या वेळी, तोवर छाती घरघर करत होती. मंग नेलं. डॉक्टरनं डोळ्यात टॉर्च टाकला अन् लगेच दोन माणसं धावली, त्यायनं काही कमी केलं नाही. सकाळी गेला. डॉक्टर मले म्हणे, आजी, दुपारी आणलं असतं तर.

डोळ्याची बाहुली मी पाहिली नव्हती. आता काय पाहू.

बकरी पिल्लायसगट विकली.

कांताबाई


पुणे
१३ डिसेंबर २००५

आजी,

चार वेळा लिहून फाडलं. एकच विचारायचं आहे आणि तू खरं सांग. माझ्या पत्रामुळे झालं ना?

बाबांच्या बाबतीत मी तेच केलं जे ताऱ्याच्या बाबतीत केलं. ताऱ्याची चूक सरांनी पकडली आणि मी सुधारली. सव्वापाच दिवस आता छापून येणार आहेत. सगळे माझं अभिनंदन करतात. मला तो आकडा बघवत नाही.

तू वास आला नाही असं लिहिलं होतंस. सदऱ्याला औषधाचा येतो असंही लिहिलं होतंस. सगळं तुझ्या पत्रात होतं. मी ते बाजूला ठेवलं आणि फक्त तारखा घेतल्या, कारण उत्तर मला दारामागे उभी असल्यापासून माहीत होतं.

मी हे काम सोडते आहे. जानेवारीत गावी येईन. तुझ्याजवळ राहीन.

मोनाली


दारव्हा, सरकारी दवाखान्याची ओसरी
२ जानेवारी २००६, सोमवार

मोना,

जय भीम. हाव. तुझ्या पत्रानं झालं. जीपपुढं मी आडवी झाली तेव्हा ते पत्र माझ्या पोलक्यात होतं. नाही म्हणून लिहिलं असतं तर तुले चार दिवस बरं वाटलं असतं, अन् मंग माझ्या कोणत्याच पत्रावर तुझा भरवसा राहिला नसता.

पण सारं तू घेऊ नको. माझं नाक मले सांगून राह्यलं होतं, अन् मी नाक सोडून कागद धरला. वाचता येते या खुशीत धरला. ते माझ्या वाट्याचं आहे. माझ्यापाशीच राहू दे. तुझं तू घे, पेलन तेवढं, अन् पेलत पेलत काम कर. माझ्याजवळ येऊन काय करशील? दोघी मिळून भिंतीकडं पाहू? बापानं तुले वहीत नाव लागू देलं नाही, ते याच्यासाठी का? सव्वापाच दिवस खरे आहेत ना? खरं सापडलं ते टाकून द्यायचं नाही. मले तर ते सांगाले आवडते. मी रुपीबाईले सांगतलं, ती म्हणे आपला बाजार तरी सात दिवसांनी येते, त्यायची घाई पाहा.

आता तुले काम देते. पऱ्हाटी उलगली, कापूस वेचून झाला, पण तुरीवर अन् हरभऱ्यावर फवारा चालूच आहे. सहा घरच्या बायायले मी टिंबं लावाले शिकवलं, ज्या दिवसचं त्याच दिवसाच्या चौकोनात, ज्याच्या त्याच्या भिंतीवर. ज्या दिवशी फवारा त्या दिवशी उभी रेघ. ओकला, घाम आला, धुकं आलं तर टिंब. वारं तोंडावर होतं का पाठीवर, तेही जया लिहून घेते. तीन हप्त्याचे कागद यासोबत आहेत. मांड. पण जे निघन ते लिहिताना असं लिही का या बायायले विचारता येईन, कारण त्या विचारतील. अन् मी सर्वांत आधी विचारीन. नात आहे, शिकलेली आहे म्हणून मी आता मान डोलावणार नाही. मंग ते कागद आम्ही कुठी न्यायचे, तालुक्याले का जिल्ह्याले, हेही शोध. तू मोठ्या जागी आहे.

दारव्ह्यावरून काहून लिहून राह्यली ते सांगायचं राहिलं. काल दुपारी नेमसिंग पुंडलिकरावाच्या तुरीतून आला तो लटपटत. रुपीबाई म्हणे थोडी घेतली असन, रात्री पाहुणे होते, झोपू द्या. चार माणसं हसलीही. तेवढ्यात शंकरसिंगची जीप आली. त्यानं थांबवली. नुसता माझ्याकडं पाहत राहिला. मी नेमसिंगचं तोंड हुंगलं. मंग पापणी वर केली. बाहुली मोहरीपेक्षा बारीक. मी कोणाले काही विचारलं नाही. त्याचा दंड धरला, जीपमध्ये घातला, अन् त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली. रुपीबाई मागून धावत आली, तिलेही ओढून घेतलं. पुंडलिकराव ओसरीवरून ओरडून विचारत होता का पंप कुठी ठेवला. मी म्हटलं, तुझा आहे, तू शोध.

रात्रभर त्याले सुया टोचून राह्यले. तो जिता आहे. आताच डोळे उघडून त्यानं चहा मागितला. रुपीबाई कपबशी घेऊन निघालीच होती, मी थांबवली. चहा द्यायचा का नाही ते मी डॉक्टरीणबाईले विचाराले चालली, म्हणून पत्र इथंच थांबवते.

तुझी आजी,
कांताबाई